इन्सिडेंटची तीव्रता सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची: एका ड्रॉपडाउनमागचं काम

रुग्णालयात नवं क्वालिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवताना इन्सिडेंटच्या (चूक, अपघात, बिघाड अशा घटनांच्या) तीव्रतेची यादी बहुधा शेवटच्या बैठकीत, घाईघाईत भरली जाते. व्हेंडरचा माणूस विचारतो, "लो, मीडियम, हाय, क्रिटिकल, एवढं ठेवू ना?" आणि सगळे माना डोलावतात. दोन महिन्यांनी डॅशबोर्ड उघडावा तर जवळजवळ प्रत्येक नोंद ‘मीडियम’. काय निवडायचं ते कळलं नाही की माणूस मधलं निवडतो. वैद्यकीय अधीक्षकांना रात्री अकरा वाजता बंद पडलेल्या प्रिंटरचा ‘हाय’ अलर्ट जातो आणि दहापट दिलेल्या इन्सुलिनची नोंद ‘लो’मध्ये पडून राहते, कारण पेशंट सुदैवाने बचावला.

गोंधळाचं मूळ एकच आहे. त्या एका खान्यात आपण तीन निरनिराळे प्रश्न कोंबतो: पेशंटला किती इजा झाली, किती होऊ शकली असती, आणि आता आपण किती धावाधाव करायची. हे तीन प्रश्न तीन वेगळ्या फील्डमध्ये ठेवले की बाकीचं कॉन्फिगरेशन बरंचसं आपोआप सुटतं. ते कसं करायचं ते आता क्रमाने पाहू. स्क्रीनची नावं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असतील, पण याद्या, फॉर्म, नियम आणि रिपोर्ट हे चार भाग सगळीकडे सापडतात.

पायरी १: अॅडमिन पॅनल उघडण्याआधी

जुन्या नोंदी काढा, कागदावरच्या असल्या तरी चालतील. चाळीस-पन्नास पुरेत, पण सगळ्या एकाच प्रकारच्या नकोत. पेशंट पडणं, औषधातली चूक, बेडसोर, रक्त चढवताना आलेली रिअॅक्शन, लॅबच्या नमुन्यांची अदलाबदल, उपकरणातला बिघाड, कर्मचाऱ्याला सुई टोचणं, असं सगळं थोडं थोडं घ्या. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने भरा: काय झालं, त्या वेळी प्रत्यक्षात काय केलं, आणि खरं तर काय करायला हवं होतं.

तिसरा रकाना महत्त्वाचा. त्यातली उत्तरं गटांत लावली की साधारण तीन-चार ढीग होतात: लगेच फोन करून पूर्ण आरसीए (घटनेच्या मूळ कारणाचा शोध), विभागप्रमुखांनी आठवड्याभरात चौकशी, वॉर्ड इन-चार्जने पाहून बंद करणं, नुसती मोजणी. तुमच्या कृतीचे स्तर एवढेच. इजेच्या मोजपट्टीत पाच पायऱ्या असोत की नऊ, कृतीचे स्तर तीन-चारच ठेवा. नवव्या स्तरासाठी वेगळं काय करायचं ते कोणालाच सांगता येत नाही.

बैठकीला क्वालिटी विभागाबरोबर नर्सिंग, फार्मसी, आयटी आणि रोज राउंड घेणारा एक डॉक्टर हवाच. नोंदी सर्वाधिक नर्सेसकडून येतात, म्हणून व्याख्यांच्या मसुद्यावरचा शेवटचा शब्द त्यांचा असलेला बरा.

पायरी २: इजेची मोजपट्टी तयार घ्या

इथे स्वतःची कल्पकता चालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या रुग्णसुरक्षा वर्गीकरणात इजेचे पाच स्तर आहेत: इजा नाही, सौम्य, मध्यम, गंभीर, मृत्यू. औषधातल्या चुकांसाठी एनसीसी मर्प या अमेरिकी परिषदेची १९९६ पासून वापरात असलेली ‘ए’ ते ‘आय’ अशी नऊ वर्गांची पट्टी आहे. तुमच्या मान्यता देणाऱ्या संस्थेने किंवा शासनाने एखादी पट्टी सक्तीची केली असेल तर प्रश्नच मिटला, तीच घ्या. नसेल तर सगळ्या घटनांसाठी पाच स्तरांची पट्टी मूळ धरा आणि औषधांच्या फॉर्मवर तेवढा एनसीसी मर्पचा वर्ग जास्तीचा विचारा.

स्तरांची नावं घेणं सोपं आहे. खरी मेहनत व्याख्यांवर आहे, आणि व्याख्या लिहिताना एकच कसोटी लावायची: हे केस पेपरमध्ये दिसतं का? ‘बऱ्यापैकी त्रास’ म्हणजे किती यावर दोन माणसं तासभर वाद घालतील. ‘पुन्हा ओटीत न्यावं लागलं का’ यावर वाद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्यांचा गाभा धरून मजकूर साधारण असा उतरतो:

- इजा नाही: घटना पेशंटपर्यंत पोचली, पण लक्षण दिसलं नाही आणि उपचार लागले नाहीत.
- सौम्य: थोडी, अल्पकाळची लक्षणं. जादा निरीक्षण, एखादी तपासणी किंवा किरकोळ उपचार पुरले.
- मध्यम: जादा उपचार किंवा जादा शस्त्रक्रिया लागली, मुक्काम वाढला, किंवा दीर्घकाळ टिकणारी इजा झाली.
- गंभीर: जीव वाचवण्यासाठी उपचार किंवा मोठी शस्त्रक्रिया लागली, आयुर्मान घटलं, किंवा मोठी कायमची हानी झाली.
- मृत्यू: सगळा पुरावा तोलून पाहता घटनेमुळे मृत्यू झाला किंवा तो लवकर ओढवला, असं म्हणणं अधिक सयुक्तिक ठरतं.

शेवटच्या ओळीतलं ‘घटनेमुळे’ फॉर्मवर ठळक अक्षरांत द्या. अखेरच्या टप्प्यातल्या आजाराचा पेशंट एक डोस चुकल्यानंतर चार दिवसांनी गेला, तर इजा आपोआप ‘मृत्यू’ होत नाही. पेशंटची अंतिम स्थिती आणि घटनेमुळे झालेली इजा ही दोन वेगळी फील्ड आहेत. ती एकत्र ठेवली की नोंद करणारा घाबरतो आणि नोंदच टाळतो.

प्रत्येक पर्यायाची व्याख्या फॉर्मवर, पर्यायाच्या शेजारीच दिसली पाहिजे. शेअर्ड ड्राइव्हवरची पीडीएफ रात्रपाळीला कोणी उघडत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पर्यायाला हेल्प टेक्स्ट जोडता येतो. नसेल जोडता येत तर पर्यायाचं नावच लांब लिहा: ‘मध्यम – जादा उपचार लागले / मुक्काम वाढला’.

आता एनसीसी मर्पची पट्टी पाच स्तरांशी जोडताना एक अडचण येते आणि आयटीवाले ती हमखास ‘ऑटो-मॅप’ने सोडवू पाहतात. ‘ए’ म्हणजे चूक घडू शकेल अशी परिस्थिती; ‘बी’ म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही; ‘सी’ म्हणजे पोचली पण इजा नाही; ‘डी’ म्हणजे पोचली आणि इजा झाली नाही याची खात्री करायला निरीक्षण लागलं किंवा इजा टाळायला काही करावं लागलं. इथपर्यंत सरळ आहे. ‘ई’ म्हणजे उपचार लागलेली तात्पुरती इजा. ती पाच स्तरांत सौम्यही असू शकते आणि मध्यमही. ‘एफ’ म्हणजे तात्पुरती इजा, पण दाखल करावं लागलं किंवा मुक्काम वाढला, ही मध्यम. ‘जी’ म्हणजे कायमची इजा. बोटाचं टोक बधिर होणं आणि दोन्ही पाय जाणं दोन्ही ‘जी’च, म्हणून तिथेही मध्यम की गंभीर हा निर्णय माणसालाच करावा लागतो. ‘एच’ म्हणजे जीव टिकवण्यासाठी उपचार लागले, ‘आय’ म्हणजे मृत्यू. थोडक्यात, ‘ई’ आणि ‘जी’ सोडून बाकी वर्ग आपोआप जोडा आणि या दोघांसाठी फॉर्मवर एक जादा प्रश्न उघडा.

आणखी एक बारकावा. ‘एच’ अक्षराने ‘जी’च्या पुढे आहे. पण सीपीआर मिळून पूर्ण बरा होऊन घरी गेलेला पेशंट ‘एच’ आणि कायमचा अधू झालेला ‘जी’. यातलं वाईट कुठलं हे पेशंटला विचारा. म्हणून या अक्षरांना १ ते ९ आकडे देऊन सरासरी काढायचा मोह आवरा.

पायरी ३: ‘पेशंटपर्यंत पोचलं का?’ हा प्रश्न आधी विचारा

इजेच्या यादीआधी एक छोटं, सक्तीचं फील्ड ठेवा. त्याची तीन उत्तरं: नुसती धोक्याची परिस्थिती होती, चूक झाली पण पेशंटपर्यंत जाण्याआधी अडली, पोचली. तिसरं उत्तर आलं तरच इजेची यादी उघडावी. पहिल्या दोन उत्तरांना सॉफ्टवेअरने इजेच्या फील्डमध्ये ‘लागू नाही’ भरावं. इथे ‘इजा नाही’ भरलं तर पुढे निअर मिस (पेशंटपर्यंत जाण्याआधीच अडलेल्या चुका) आणि पेशंटला लागून गेलेल्या पण न बाधलेल्या चुका एकाच आकड्यात मिसळतात, आणि एकदा मिसळल्या की वेगळ्या काढता येत नाहीत.

इथेच मानसिक इजेचंही ठरवून टाका. इंग्लंडच्या एनएचएसने (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने) एलएफपीएसई या घटना नोंदवण्याच्या प्रणालीत शारीरिक आणि मानसिक इजा वेगवेगळी विचारायला सुरुवात केली आहे. भूल पुरती न चढता शस्त्रक्रियेत जाग आलेल्या पेशंटच्या अंगावर एक ओरखडाही नसतो. त्याला ‘इजा नाही’ म्हणणं कसं चालेल? दुसरं फील्ड ठेवणं जड वाटत असेल तर निदान व्याख्येत ‘शारीरिक किंवा मानसिक’ हे शब्द घाला.

पायरी ४: संभाव्य तीव्रता

एक घटना जवळून पाहू. औषधाच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलं आहे: इन्सुलिन १० आणि पुढे युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर. त्या अक्षराचं तोंड वर मिटलं गेलं, ते शून्यासारखं दिसलं आणि १० चे १०० झाले. ही चूक जगभर इतक्या वेळा झाली आहे की युनिटसाठी ते एकटं अक्षर लिहूच नये, असा दंडक औषधसुरक्षेत पडला. आता याच चुकीचे चार शेवट घ्या.

एक, फार्मसिस्टने डोस पाहून वॉर्डला फोन केला. वर्ग ‘बी’. दोन, डोस गेला, पण पाच मिनिटांत लक्षात आलं, डेक्स्ट्रोज सुरू केलं, दर थोड्या वेळाने शुगर तपासली, ती उतरली नाही. वर्ग ‘डी’, इजा नाही. तीन, शुगर ४५ वर आली, पेशंट घामाघूम झाला, शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरला. वर्ग ‘ई’. चार, पेशंट बेशुद्ध सापडला, आयसीयूत व्हेंटिलेटरवर गेला, मग बरा झाला. वर्ग ‘एच’, इजा गंभीर.

चिठ्ठी तीच, वाचणाऱ्याची चूक तीच. शेवट कुठला वाट्याला आला हे पाहणाऱ्याच्या सतर्कतेवर आणि नशिबावर ठरलं. तुमचं सॉफ्टवेअर फक्त प्रत्यक्ष इजेवर चालत असेल, तर चौथ्या घटनेला आरसीए मिळेल आणि पहिली महिनाअखेरच्या मोजणीत जाईल. संभाव्य तीव्रतेचं फील्ड यासाठी लागतं. चारही घटनांत तिथे एकच उत्तर येतं: मृत्यू.

पण या फील्डला लगाम हवा. ‘काय होऊ शकलं असतं’ असं मोकळं विचारलं तर कल्पना भरारी घेते आणि कागदाने बोट कापल्याचाही शेवट सेप्सिसमध्ये होतो. व्याख्या अशी लिहा: ‘हीच चूक, याच ठिकाणी, इथे नेहमी येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत पुन्हा झाली, तर वाजवी अंदाजाने होऊ शकणारी सर्वांत वाईट इजा’. आणि हे फील्ड नोंद करणाऱ्याला दाखवू नका. ते क्वालिटी विभागाच्या रिव्ह्यू स्क्रीनवर ठेवा. दमलेल्या नर्सकडून पाळी संपताना भविष्य वर्तवून घेण्यात अर्थ नाही.

पायरी ५: मॅट्रिक्स

तीव्रता आणि पुन्हा घडण्याची शक्यता एकत्र करून प्राधान्य काढायचं, हे मॅट्रिक्सचं काम. बहुतेक सॉफ्टवेअर ५ × ५ चा चौकोन देतात आणि दोन आकड्यांचा गुणाकार करतात. गुणाकारात खोट अशी की दुर्मीळ मृत्यू ५ × १ = ५ आणि रोजची किरकोळ कटकट १ × ५ = ५, दोन्ही एकाच रंगात. हे आकडे क्रम सांगतात, माप नव्हे; त्यांचा गुणाकार दिसतो शास्त्रीय, पण त्याला अर्थ नाही. शक्य असेल तिथे गुणाकार बंद करून प्रत्येक चौकटीत काय यावं ते हाताने भरा. अशा सोयीला लुकअप टेबल म्हणतात, आणि ती सोय आहे का हे खरेदीआधीच विचारून ठेवावं.

कसं भरावं याचा चांगला नमुना अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी वापरलेला सेफ्टी असेसमेंट कोड, म्हणजे सॅक:

| शक्यता | अतिगंभीर | मोठी | मध्यम | किरकोळ |
|---|---|---|---|---|
| वरचेवर | ३ | ३ | २ | १ |
| अधूनमधून | ३ | २ | १ | १ |
| क्वचित | ३ | २ | १ | १ |
| दुर्मीळ | ३ | २ | १ | १ |

वरच्या ओळीतली चार नावं त्यांच्या पट्टीतली आहेत, आपल्या पाच स्तरांची नव्हेत. ‘अतिगंभीर’चा रकाना उभा वाचा. अतिगंभीर घटना कितीही दुर्मीळ असो, उत्तर ३ आणि ३ म्हणजे आरसीए. गुणाकारातून हे कधीच आलं नसतं. शक्यतेचे शब्दही तिथे काळाने बांधलेले आहेत: वरचेवर म्हणजे वर्षात अनेकदा, अधूनमधून म्हणजे एक-दोन वर्षांत अनेकदा, क्वचित म्हणजे दोन ते पाच वर्षांत कधीतरी, दुर्मीळ म्हणजे पाच ते तीस वर्षांत. तुमच्या यादीतही शक्यतेला असाच काळ जोडा.

कोड दोनदा काढायचा, एकदा प्रत्यक्ष इजेवर, एकदा संभाव्य तीव्रतेवर, आणि दोहोंतला वरचा घ्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये हे एक गणित केलेलं, हाताने न बदलता येणारं फील्ड असावं. कृतीचा स्तर हाच. या मॅट्रिक्समधून तीनच स्तर निघतात. नुसत्या मोजणीचा चौथा ढीग ठेवायचा असेल तर १ चे दोन भाग पाडा.

आकड्यांबद्दल सावध राहा. वरच्या पद्धतीत सॅक ३ सर्वांत गंभीर. न्यूझीलंडमध्ये याच नावाच्या कोडमध्ये सॅक १ सर्वांत गंभीर. दुसऱ्या रुग्णालयातून आलेला माणूस कुठल्या दिशेने मोजतो ते कळायला मार्ग नसतो, म्हणून स्क्रीनवर नुसता आकडा कधीच दाखवू नका. ‘३ – आरसीए’ असं लिहा.

पायरी ६: याद्या प्रत्यक्ष भरताना

आता अॅडमिन पॅनल उघडा. प्रत्येक पर्यायाला एक कायमचा कोड द्या, उदाहरणार्थ ‘इजा-मध्यम’, आणि दिसणारं नाव वेगळं ठेवा. नाव पुढे बदलेल, कोड बदलायचा नाही. पर्याय नको झाला तर डिलीट न करता निष्क्रिय करा. डिलीट केला की काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोंदींमधलं ते खानं रिकामं होतं.

डीफॉल्ट मूल्य ठेवू नका. आधीच ‘इजा नाही’ भरून येणारा फॉर्म ‘इजा नाही’च्याच नोंदी देतो. ‘अजून माहीत नाही’ हा पर्याय मात्र जरूर ठेवा, कारण डोक्यावर पडलेल्या पेशंटचा सीटी व्हायचा असतो. त्याला मुदत लावा: ७२ तासांत बदलला नाही तर रिव्ह्यू करणाऱ्याच्या कामांच्या यादीत तो वर यावा. लाल-हिरवा भेद न दिसणारे लोक असतात, त्यामुळे रंगाबरोबर शब्द हवाच.

पेशंटशी संबंध नसलेल्या घटनांना याच व्याख्या लावू नका. सुई टोचणं, पार्किंगमध्ये नातेवाईक पडणं, पेशंटची माहिती बाहेर जाणं, ऑक्सिजनचा दाब घसरणं, यांना ‘मुक्काम वाढला का’ हा प्रश्न गैरलागू. घटनेचा प्रकार निवडला की त्या प्रकारापुरती यादी उघडेल अशी अट घाला. कर्मचाऱ्यांसाठी प्रथमोपचार, रजा, दाखल होणं, कायमचं अपंगत्व, मृत्यू अशी पट्टी चालते. माहितीच्या घटनांसाठी किती लोकांची, किती संवेदनशील माहिती आणि ती परत मिळाली का, हे विचारा. शेवटी सगळ्यांचा कृतीचा स्तर तोच तीन-चारांपैकी एक, म्हणजे रिपोर्ट एकत्र निघतो.

पायरी ७: कोण ठरवणार

दोन फील्ड ठेवा: नोंद करणाऱ्याने दिलेली तीव्रता आणि रिव्ह्यूनंतर निश्चित झालेली. दुसऱ्याने पहिलं पुसता कामा नये. दोघांतला फरक हीच प्रशिक्षणाची सर्वांत स्वस्त माहिती असते. एखाद्या वॉर्डात तो सतत एकाच दिशेने दिसला, तर तिथे व्याख्या कळलेली नाही किंवा तिथे कोणीतरी नोंद करणाऱ्यांना दटावतं आहे.

निश्चित तीव्रता बदलायचा अधिकार मोजक्या लोकांना द्या, कारण लिहिणं सक्तीचं करा आणि ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) चालू असल्याची खात्री करा. ज्या विभागात घटना झाली त्याच्या प्रमुखाला एकट्याला तीव्रता उतरवता येऊ नये. त्यांच्या सचोटीवर शंका नाही. पण कमी तीव्रतेत कामही कमी, हे सगळ्यांना कळतं.

रिव्ह्यू करणाऱ्यालाही आंधळी बाजू असते. १९९१ साली अमेरिकेत भूलतज्ज्ञांना उपचारांचं वर्णन तेच, पण शेवट बदलून दिलेल्या केसेस वाचायला दिल्या होत्या. शेवट कायमच्या इजेचा असला की तेच उपचार अयोग्य ठरवण्याकडे कल वाढला. स्क्रीनची रचना यात थोडी मदत करू शकते: संभाव्य तीव्रतेचं फील्ड प्रत्यक्ष इजेच्या वर, आधी भरायला ठेवा.

पायरी ८: नियम आणि अलर्ट

प्रत्येक कृती-स्तरापुढे चार गोष्टी लिहा: कोणाला कळवायचं, किती वेळात, कुठलं काम आपोआप उघडायचं, आणि मुदत चुकली तर वर कोणाकडे जायचं. वरच्या स्तराला फोन किंवा एसएमएस, मधल्याला ईमेल, खालच्याला फक्त कामांच्या यादीत नोंद. सगळ्यांना सगळं पाठवलं की आठवड्याभरात लोक अलर्ट फोल्डरमध्ये वळवून मोकळे होतात. मेसेजमध्ये पेशंटचं नाव किंवा निदान घालू नका. नोंद क्रमांक, विभाग आणि स्तर पुरे.

घड्याळ कुठून सुरू होतं ते ठरवा. घटना झाली ती वेळ, लक्षात आली ती वेळ आणि नोंदवली ती वेळ, या तीन वेगळ्या असतात. पोटात राहिलेला कापसाचा बोळा महिन्याने सापडतो. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनची (रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) आरसीएची ४५ कामाच्या दिवसांची मुदत घटना कळल्यापासून मोजली जाते. मुदतींसाठी तोच दंडक ठेवा आणि ‘लक्षात आल्याची वेळ’ सक्तीची करा. मुदत कामाच्या दिवसांत मोजायची असेल तर सुट्ट्यांचं कॅलेंडरही भरावं लागतं, आणि ते भरायचं नेमकं राहून जातं.

मग अपवादांची यादी. काही घटनांत इजा न पाहता थेट वरचा स्तर लागायला हवा: चुकीच्या बाजूची किंवा चुकीच्या पेशंटची शस्त्रक्रिया, शरीरात राहिलेली वस्तू, न जुळणारं रक्त चढवणं, बाळ चुकीच्या माणसाच्या हाती जाणं, दाखल पेशंटची आत्महत्या. या घटनांचा उपप्रकार निवडला की मॅट्रिक्स बाजूला पडून स्तर आपोआप ठरावा. हा नियम मॅट्रिक्सनंतर चालेल अशा क्रमाने लावा, नाहीतर मॅट्रिक्स त्याचं उत्तर पुसून टाकेल.

पायरी ९: चाचणी

लाइव्ह जाण्याआधी दोन वेगळ्या चाचण्या करा. पहिली माणसांची. पहिल्या पायरीतल्या नोंदींमधून नावं काढून तीसेक छोटे प्रसंग लिहा, आणि वेगवेगळ्या विभागांतल्या सात-आठ जणांना ते एकमेकांशी न बोलता तपासायला द्या. किती जुळतं ते पाहा, पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा दोघा जणांनी ‘इजा’ की ‘इजा नाही’ एवढंच ठरवायचं आहे, दोघंही ८० टक्के वेळा ‘इजा नाही’ म्हणतात, आणि ८० टक्के प्रसंगांत त्यांचं एकमत आहे. छान वाटतं. पण डोळे मिटून निवडलं असतं तरी ०.८ × ०.८ + ०.२ × ०.२ म्हणजे ६८ टक्के जुळलंच असतं. योगायोग वजा करणारा कोहेनचा कॅपा इथे (०.८० − ०.६८) ÷ (१ − ०.६८), म्हणजे ०.३८ निघतो. ०.६ च्या वर गेल्याशिवाय लाइव्ह जाऊ नये असं माझं मत. पाच स्तरांसाठी वेटेड कॅपा वापरा. त्यात एका पायरीचा फरक आणि चार पायऱ्यांचा फरक सारखा धरला जात नाही. कॅपा कमी आला तर माणसांना झापण्याआधी ज्या प्रसंगावर सर्वाधिक मतं फाटली त्याच्याशी संबंधित व्याख्या दुरुस्त करा.

दुसरी चाचणी यंत्राची, टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये. मॅट्रिक्सच्या प्रत्येक चौकटीची एक खोटी नोंद भरा. मग आडवेतिडवे प्रसंग करून पाहा. स्तर ३ वरून १ वर उतरवला तर उघडलेलं आरसीएचं काम गायब होतं का? ते राहून, ‘तीव्रता बदलली’ असा शेरा त्यावर यायला हवा. बंद केलेल्या नोंदीतला पेशंट नंतर दगावला तर नोंद पुन्हा उघडते का, आणि अलर्ट नव्याने जातो का? ज्याला अलर्ट जायचा तो रजेवर असेल तर? नोकरी सोडून गेला असेल तर? शक्यतो व्यक्तीऐवजी पदाच्या भूमिकेला अलर्ट जोडा. रविवारी पहाटे तीनची नोंद जरूर करून पाहा.

पायरी १०: जुन्या नोंदी आणि रिपोर्ट

जुनं ‘मीडियम’ नव्या ‘मध्यम’मध्ये ओतू नका. शब्द सारखे असले तरी व्याख्या वेगळ्या आहेत. जुनं मूल्य ‘जुनी तीव्रता’ या वाचनापुरत्या फील्डमध्ये जसंच्या तसं ठेवा. नवी तीव्रता फक्त उघड्या नोंदींना आणि मृत्यू किंवा गंभीर इजेच्या जुन्या नोंदींना हाताने द्या. आलेखावर बदलाच्या तारखेला उभी रेघ मारा, म्हणजे त्या महिन्यात दिसणारी उडी सुधारणा म्हणून मिरवली जाणार नाही.

रिपोर्टमध्ये सरासरी तीव्रता नावाचा आकडा नको. दर महिन्याला स्तरांनुसार संख्या द्या आणि निअर मिस वेगळ्या दाखवा. एकूण नोंदी वाढल्या पण गंभीर इजा वाढल्या नाहीत, तर लोक बोलू लागले आहेत एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून ‘नोंदी वीस टक्क्यांनी कमी करा’ असं उद्दिष्ट कुठल्याही विभागाला देऊ नका. ते दुसऱ्याच महिन्यात पूर्ण होईल.

लाइव्ह गेल्यावर तीन महिन्यांनी चार याद्या काढा: निश्चित करताना बदललेल्या नोंदी, मुदत उलटूनही ‘अजून माहीत नाही’वर असलेल्या, अपवादाच्या नियमाने वर गेलेल्या, आणि स्तर १ मध्ये बंद झालेल्यांपैकी कुठल्याही वीस. शेवटच्या वीस कोणीतरी नव्याने, आधीची तीव्रता झाकून, पुन्हा तपासाव्यात. व्याख्येत काही बदलायचं ठरलं तर बदल महिन्याच्या १ तारखेपासून लागू करा, आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक नोंदीवर उमटेल असं पाहा, आणि जुनी आवृत्ती वाचता येईल अशी ठेवा.